गोल्फ कोर्स आखायचा तर आधी पावसात जागा फिरा

गोल्फ कोर्सची जागा बघायला माणसं सहसा डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा छान असते, गवत पिवळं पडलेलं असतं, गाडी थेट टेकाडापर्यंत जाते. पण पाऊस पडल्यावर पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि कुणाच्या शेतात उतरतं, हे तेव्हा दिसत नाही. अठरा होलची आखणी मात्र याच तीन उत्तरांवर उभी राहते.

रिसॉर्ट काढू पाहणारे, सिव्हिल इंजिनिअर, लँडस्केपचे विद्यार्थी, क्लबच्या कमिटीवर नुकतेच निवडून आलेले सभासद अशांसाठी हा लेख आहे. खेळ येत नसला तरी अडणार नाही. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या चौथऱ्यावरून चेंडू मारायचा, कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, म्हणजे फेअरवेवर तो उतरवायचा आणि पुढे ग्रीनवरच्या, म्हणजे अगदी आखूड कापलेल्या हिरवळीवरच्या १०८ मिलिमीटर व्यासाच्या भोकात घालायचा, आणि या सगळ्या टप्प्याला मिळून होल म्हणायचं, एवढं माहीत असलं की पुरे.

हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यात. तिथे पाऊस पडला की वाळू तो पिऊन टाकते, गवत आखूड आणि चिवट उगवतं, वाऱ्याने उंचसखलपणा आयता घडवलेला असतो. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर १७६४ मध्ये होलांची संख्या २२ वरून १८ वर आली आणि पुढे तीच जगभर रूढ झाली. तो कोर्स कुणी एका माणसाने कागदावर काढलेला नाही. आपल्याकडची जमीन त्याच्या अगदी उलट: वर हातभर माती, खाली कातळ, चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडं. म्हणून तिकडची चित्रं बघून इकडे आखणी करू नये. त्यांची विचार करायची पद्धत मात्र जरूर उचलावी.

कागदपत्रं आणि नकाशा

अठरा होलांना साधारण ५० ते ७५ हेक्टर जमीन लागते, नऊ होलांना तिच्या निम्म्याच्या आसपास. जमीन डोंगराळ असेल तर वरचा आकडा धरा, कारण तीव्र उताराचा बराच भाग खेळाला निरुपयोगी असतो.

सातबारा आणि गटनकाशा हातात घेऊन जागेवर जा. पाणंद रस्ता, गुरांची वाट, पाणवठा, देवराई, स्मशानाकडे जाणारी पायवाट यातलं बरंचसं कागदावर सापडत नाही, गावात विचारावं लागतं. गावाची वहिवाट बंद करून आखलेला होल पहिल्या दिवसापासून भांडणाचा असतो. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलमध्ये गोल्फ कोर्सच्या प्रकल्पाला गावकऱ्यांनी केलेला विरोध अनेकांच्या लक्षात असेल. तिथे वाद ग्रीनचा किंवा बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) नव्हताच, जमिनीचा आणि कुळांच्या हक्कांचा होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर आणखी एक काळजी घ्या. तिथल्या जांभ्यावर कातळशिल्पं आहेत आणि काही अजून मातीखाली झाकलेली असू शकतात. अशा सड्यावर जेसीबी न्यायच्या आधी माहितगार माणसाला दाखवा. खरं सांगायचं तर पावसाळ्यात फुलणारा सडा गोल्फसाठी मागूच नये, असं माझं मत आहे.

मग ड्रोन सर्व्हे करून अर्ध्या मीटरच्या कंटूरचा (समान उंचीच्या रेषांचा) नकाशा काढून घ्या आणि त्यावर उतारांचे रंग भरा. ३ टक्क्यांपर्यंत निळा, ३ ते ८ हिरवा, ८ ते १५ पिवळा, त्यावर लाल. निळ्यात पाणी तुंबतं. हिरव्यात फेअरवे बसतात. पिवळ्यात जपून काम करावं लागतं. लाल भागावरून चेंडू उडवून न्यायचा, तो तिथे उतरवायचा नाही. या एका रंगीत नकाशाने पुढचे निम्मे वाद मिटतात.

पावसातली फेरी

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, जमेल तितक्या वेळा, शक्यतो मोठ्या सरीनंतर तासाभरात जागेवर पोचा. गमबूट, चुना किंवा रंगीत झेंड्या आणि तो नकाशा बरोबर ठेवा. नाल्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत चाला. झुडपांना अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते मोजून नकाशावर लिहा, ती पुराची रेषा. जिथे पाण्याचे पाट एकत्र येतात तिथे झेंडी लावा. उतारावर मध्येच पाणी पाझरतंय का ते बघा. मातीतून उतरलेलं पाणी कातळाला अडून असं बाहेर येतं आणि दिवाळीपर्यंत ती जागा ओली राहते. अशा ठिकाणी ग्रीन केलं तर शेवाळ आणि बुरशी दोन्ही पदरात पडतात.

वरच्या बाजूचं पाणी विसरू नका. तुमची हद्द जिथे संपते तिथे डोंगर संपत नाही. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. वरच्या अंगाला चाळीस हेक्टरांचं पाणलोट असेल आणि त्यातलं अर्धं पाणी जरी वाहून आलं तरी १ कोटी लिटर तुमच्या फेअरवेवरून वाट काढणार. म्हणून नाले पाइपात घालून वरून गवत पसरवायचा मोह टाळा. नाला उघडा ठेवा, काठ रुंद आणि उतरते करा, त्याला खेळात घ्या. सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या ग्रीनच्या पुढ्यातून स्विल्कन नावाचा एक ओढा जातो. दोन-तीन ढांगांत ओलांडता येईल एवढाच आहे, पण जगातल्या भल्याभल्यांचे चेंडू त्याने पोटात घेतले आहेत.

खड्डे खणून बघा

साधारण हेक्टरी एक आणि संभाव्य ग्रीनच्या प्रत्येक जागी एक, असे दीड मीटर खोल खड्डे जेसीबीने घ्या. प्रत्येक खड्ड्यात तीन गोष्टी नोंदवा: वरची माती किती, मुरूम कुठे लागला, कातळ कुठे लागला. मग खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाइप, टाकीचे पाये, गाडीवाट सगळंच त्यात हलतं. मुरमाचा माळ दिसायला कंगाल, पण गोल्फसाठी तोच बरा: निचरा होतो आणि रोलर फिरवला की बसतो. जांभा पाणी झटकन सोडतो, त्यामुळे पावसाळ्यात सुख आणि मार्चपासून तहान. आणि जिथे फूटभर खाली काळा कातळ आहे तिथे खोदायचा विचार सोडा, तिथे भरावच घाला. सुरुंगाचा खर्च अंदाजपत्रकात एका ओळीत बसतो, बिलात बसत नाही.

पाण्याचा हिशेब इथेच करा

ही पायरी बहुतेक जण शेवटी घेतात, आणि तोवर जमिनीत पैसे गुंतलेले असतात.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. कोरड्या महिन्यांत रोज सरासरी ५ मिलिमीटर द्यायचं धरलं आणि ३० हेक्टर भिजवायचे ठरवले, तर रोजचे १५ लाख लिटर. नोव्हेंबर ते मे हे सुमारे २१० दिवस धरले तर साडेएकतीस कोटी लिटर, म्हणजे ११ दशलक्ष घनफुटांच्या आसपास. एवढं साठवायला सरासरी पाच मीटर खोलीचं, सहा हेक्टरांहून मोठं तळं लागेल, आणि त्यातून बाष्पीभवन वेगळं. शेजारच्या गावात टँकर येत असताना हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा.

भिजवायचं क्षेत्र कमी करणं हाच यावरचा खरा उपाय. ग्रीन, टी आणि फेअरवे एवढंच भिजवलं तर १६ हेक्टरांत भागतं आणि रोजची गरज ८ लाख लिटरवर येते. बाकीचा माळ माळच राहू द्यायचा: कुसळी, बोरी, बाभळी, मधूनमधून दगड. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट नंबर २ या कोर्सचं उदाहरण याला चपखल आहे. डोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली वालुकामय पाइनवनात तो आखला. पुढे दशकानुदशकं पाणी देऊन देऊन तो हिरवागार गालिचा झाला. २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आखणीकारांनी तिथलं तीस-चाळीस एकर गवत उचकटून काढलं, स्प्रिंकलर ११५० वरून ४५० वर आणले आणि मूळची वाळू व रानगवत परत येऊ दिलं. २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत याच कोर्सवर झाली. हिरवं नाही म्हणजे हलक्या दर्जाचं, असं म्हणणाऱ्या सभासदाला हे सांगा.

जवळच्या शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर उत्तम, पण क्षार तपासून घ्या. क्षार जास्त असतील तर गवताची जात बदलावी लागते.

आधी ग्रीनच्या जागा शोधा

नवखा माणूस क्लबहाउसपाशी बोट ठेवतो आणि तिथून पहिला होल, दुसरा होल असं काढत सुटतो. तसं करू नका. आधी संपूर्ण जागेवर ग्रीनला साजेशा जागा शोधा, हव्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. टेकडीच्या सोंडेवरचा सपाट तुकडा, दोन उंचवट्यांमधली खिंड, नाल्याच्या वळणावरचं उंच काठाड, पायथ्याशी सावकाश विसावलेला उतार. जिथे उभं राहिल्यावर वाटतं की इथे मातीला फार हात लावायला नको, ती जागा.

नेब्रास्कातल्या सँड हिल्स क्लबसाठी कूर आणि क्रेनशॉ यांनी वाळूच्या टेकड्या महिनोन्‌महिने पालथ्या घातल्या, शंभराहून कितीतरी जास्त होल नकाशावर मांडले आणि त्यातले अठरा निवडले. १९९५ मध्ये तो खुला झाला तेव्हा जाणकार चकित झाले ते याने, की तिथे माती जवळपास हलवलेलीच नव्हती.

जागा चुकली तर काय होतं तेही बघा. जॉर्जियातला ऑगस्टा नॅशनल अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी आणि बॉबी जोन्स यांनी एका जुन्या रोपवाटिकेच्या जमिनीवर आखला. मॅकेन्झी मूळचे डॉक्टर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात गेलेले. बोअर सैनिक जमिनीच्या चढउतारांत कसे बेमालूम लपतात ते त्यांनी तिथे पाहिलं होतं, आणि माणसाने केलेला बंकर निसर्गाचा वाटावा हा त्यांचा आग्रह तिथून आला. अशा माणसाचंही दहाव्या होलचं ग्रीन सखल जागी पडलं आणि तिथे ओल राहू लागली. १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल यांनी ते मागच्या उंचवट्यावर हलवलं. जुन्या ग्रीनशेजारचा अवाढव्य बंकर अजून फेअरवेत तसाच आहे, सुंदर आणि बिनकामाचा. त्याच कोर्सवर १९३४ च्या पहिल्या स्पर्धेनंतर आधीचे नऊ आणि नंतरचे नऊ होल यांची अदलाबदल करावी लागली, कारण सखल, सावलीच्या भागातलं गोठलेलं दव सकाळी वितळायला वेळ लागे. ग्रीनची जागा ठरवताना म्हणून सूर्यही बघा. आपल्याकडच्या गवताला दिवसाचे सात-आठ तास ऊन हवं. पूर्वेला दाट आंबराई असेल तर एक तर ग्रीन हलवा, नाहीतर झाडं. ग्रीन हलवा.

होल जोडताना

आता निवडलेल्या ग्रीनपासून पुढची टी पन्नास-साठ मीटरांत सापडते का बघत साखळी जुळवायची. इथे घाई नको. पाच-सात वेगवेगळ्या साखळ्या काढा आणि प्रत्येक चालून बघा, कारण कागदावर सरळ दिसणारा होल चालताना छातीवर येतो.

उतार सरळ चढायचा नाही, घाटरस्त्यासारखा आडव्याने कापत वर जायचं. चढाचे होल आखूड ठेवा. जिथे दरी किंवा तीव्र खडक ओलांडायचा आहे तिथे पार-३ (तीन फटक्यांत संपवायचा आखूड होल) घाला, म्हणजे फेअरवेची गरजच पडत नाही. पार-५ ला लांबलचक माळ द्या. टीवरून चेंडू जिथे उतरतो ती जागा, म्हणजे त्या होलच्या सर्वांत मागच्या टीवरून सुमारे २३० मीटर आणि सर्वसाधारण खेळाडूच्या टीवरून १८० मीटर, ही आडव्या अंगाने पाच-सहा टक्क्यांहून जास्त कललेली नको. नाहीतर चांगला मारलेला चेंडूही घरंगळत रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात जातो आणि सगळ्यांचे चेंडू एकाच खळग्यात गोळा होतात.

सकाळी लवकर खेळायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून पहिले दोन-तीन होल पूर्वेकडे तोंड करून नकोत आणि शेवटचे पश्चिमेकडे नकोत. सरावाची जागा उत्तर-दक्षिण ठेवा.

हद्दीच्या कडेचे होल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे, त्यात नवख्यांचा चेंडू उजवीकडे भरकटतो. या दिशेने गेलं की हद्द डावीकडे राहते आणि भरकटलेला चेंडू कोर्सच्या आतच पडतो, शेजारच्या द्राक्षबागेत किंवा बंगल्याच्या काचेवर नाही. शेजारशेजारच्या दोन होलांच्या मध्यरेषांत निदान ६० मीटर ठेवा, हद्दीपासूनही तेवढंच, उजव्या हाताला रस्ता असेल तर आणखी जास्त.

स्कॉटलंडमधल्या म्युअरफिल्ड कोर्सची आखणी अभ्यासण्यासारखी आहे. बाहेरचे नऊ होल एका दिशेने गोल फिरतात, आतले नऊ उलट दिशेने, त्यामुळे वारा सतत बाजू बदलतो. पश्चिमेचा पावसाळी वारा ज्यांच्या माळावर थडकतो त्यांना याचा थेट उपयोग आहे.

एक तक्रार इथेच नोंदवतो. बऱ्याच प्रकल्पांत आधी प्लॉट पाडतात आणि उरलेल्या चिंधोट्यांत गोल्फ बसवायला सांगतात. मग एका ग्रीनपासून दुसऱ्या टीपर्यंत गाडीने जावं लागतं आणि प्रत्येक होलच्या दोन्ही बाजूंना गच्च्या. आधी कोर्स आखा, उरलेल्या जागेत प्लॉट पाडा. प्लॉटही जास्त भावाने जातात.

पोकलेन कधी आणि किती

जमिनीला साजेसं म्हणजे जमिनीला हात न लावणं, असा अर्थ घेऊ नका. फ्लोरिडात टीपीसी सॉग्रास हा कोर्स झाला ती जागा दलदल होती, सपाट आणि पाण्याखाली. पीट डाय यांनी तिथे तळी खोदली आणि निघालेल्या भरावाने फेअरवे उचलले. सतराव्या होलपाशी चांगली वाळू लागली, ती इतरत्र वापरायला इतकी उपसली की तिथे मोठा खड्डाच झाला. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांनी सुचवलं की पाणी भरू द्या आणि ग्रीनचं बेट करा. ते बेट आज जगातल्या सर्वांत ओळखीच्या होलांपैकी एक आहे. सपाट, पाणथळ जमिनीला खोदून भरणं हेच साजेसं होतं.

आपल्याकडे नियम असा ठेवा: कापलेली माती आणि लागणारा भराव जागेवरच जुळले पाहिजेत. डंपर गेटबाहेर जाऊ लागला की आखणीत कुठेतरी गफलत आहे. वरची सुपीक माती आधी सोलून वेगळा ढीग लावा, ती शेवटी परत पसरायची आहे. फेअरवेला निदान २-३ टक्के उतार मिळालाच पाहिजे, तोही पाणी बाजूच्या रुंद, उथळ चरात जाईल असा. मातीकाम ऑक्टोबर ते मे. पहिल्या मोठ्या पावसाच्या वेळी एकही उघडा उतार राहता कामा नये.

ग्रीनचं पोट

इथे काटकसर करू नका. यूएसजीएची, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची पद्धत १९६० पासून चालत आली आहे: तळाला साडेचार मीटरच्या आत अंतरं ठेवून निचऱ्याचे पाइप, त्यावर १०० मिलिमीटर खडी, त्यावर ३०० मिलिमीटर वाळूप्रधान मिश्रण. बारीक वाळूखाली जाड खडी आली की पाणी लगेच खाली जात नाही. वाळूच्या तळाशी ते धरून राहतं आणि मुळांना मिळतं. पाऊस वाढून वजन पुरेसं झालं की मग एकदम सुटतं. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही ज्यांच्या वाट्याला टोकाचे येतात त्यांना ही रचना फार मोलाची.

अठरा ग्रीन प्रत्येकी ५०० चौरस मीटर धरली तर वाळूच २७०० घनमीटर, म्हणजे साडेनऊशे ब्रास. नदीची वाळू मिळणं अवघड, त्यामुळे क्रश सँडकडे वळावं लागतं. तिच्यात दगडाची पूड फार असते आणि ती पूड बसली की ग्रीनचं काँक्रीट होतं. वाळू धुऊन घ्या आणि प्रयोगशाळेत चाळणी चाचणी करा: किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरमधले हवेत. प्रत्येक खेपेचा नमुना पिशवीत भरून, तारीख घालून ठेवा. पहिला नमुना चांगला आणि पन्नासावा डंपर भलताच, हा अनुभव या धंद्यात सगळ्यांचाच आहे.

ग्रीनवर भोक ठेवायच्या जागी उतार दीड ते तीन टक्के. जास्त झाला तर कापलेल्या गवतावर चेंडू थांबत नाही.

गवत

ग्रीनवर टिफ नावाने येणाऱ्या संकरित बर्म्युडा जातींपैकी एखादी लावा, पाण्यात क्षार असतील तर पास्पालम. बर्म्युडा म्हणजे आपल्या हरळीचंच कुळ. शेतकरी जिला शिव्या घालतो तीच इथे मालकीण. फेअरवेला साधी बर्म्युडा जात पुरते. सावलीत मात्र ती मरतेच.

बंकर सगळ्यात शेवटी

मालकाला बंकर आधी हवे असतात, कारण फोटोत तेच दिसतात. गवत धरलं की दोन-तीन महिने कमी-जास्त दर्जाच्या खेळाडूंना बंकरशिवाय खेळू द्या आणि चेंडू कुठे थांबतात त्या खुणा करा. जिथे निसर्गतःच खरवड पडली आहे, नाल्याची कड ढासळली आहे, तिथे बंकर शोभतो. वरच्या कडेने चर काढून बाहेरचं पाणी वळवलं नाही तर प्रत्येक सरीनंतर माळी फावडं घेऊन वाळू वर चढवत बसतील. कोकणात तर अर्ध्याहून जास्त ठिकाणी वाळूऐवजी गवताचे खोलगट खळगे ठेवा. खेळाला तेवढेच अवघड, पगारपत्रकाला स्वस्त.

आणि प्रत्येक होलवरच्या, ग्रीनला जवळ पडणाऱ्या पुढच्या टी विसरू नका. मागच्या टीवरून सात हजार यार्डांचा मान मिरवायला हरकत नाही. पण रोज खेळणाऱ्यांत ज्येष्ठ, नवखे आणि मुलं जास्त असतात. त्यांच्यासाठी साडेचार-पाच हजार यार्डांच्या टी सुरुवातीपासून आखणीत घ्या. चेंडू पडतो तिथला उतार त्यांच्या अंतरावरही तपासा, म्हणजे १२०-१३० मीटरवर. नंतर कोपऱ्यात कुठेतरी चौथरा बांधून ते काम होत नाही.